पाचारण झालं, पण हात अजून बसलेला नाही

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या व्यक्तीची पाळक म्हणून दीक्षा होऊन सहा वर्षं झाली आहेत. एका चर्चच्या मंडळीत सहायक पाळकाचं काम आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण झालं आहे, परवाना आहे, आणि आठवड्यातले तीन दिवस एका क्लिनिकमध्ये जातात. तक्रार अशी की व्यासपीठावर उभं राहिलं की वाटतं, कुणी मानसतज्ज्ञ पाळकाचा झगा घालून आला आहे, आणि क्लिनिकमध्ये बसलं की वाटतं, कुणी पाळक चुकून या खुर्चीत येऊन बसला आहे. स्वतःबद्दल त्यांनी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं लिहिलं आहे. विचारलेल्या गोष्टी तीन. देवाने या कामासाठी बोलावलं असं मी मानलं, ते माझं पाचारणच खोटं होतं का? बाकीच्यांमध्ये दिसतो तो आत्मविश्वास कुठून येतो? आणि मंडळीच्या गायकवृंदातल्या एका बाईंनी ‘तुमच्याकडेच थेरपी घ्यायची आहे’ असं म्हटलंय, त्यांना काय सांगू?

मी सव्वीस वर्षं दीक्षित पाळक आहे आणि एकवीस वर्षं मानसतज्ज्ञ. गेली काही वर्षं नव्या लोकांचं सुपरव्हिजन करते, म्हणजे त्यांचं काम तपासून त्यांना मार्गदर्शन करते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, आणि ते कसं सांगायचं, हे शेवटी लिहिते, कारण त्याआधीचं पटलं नाही तर ते ‘नाही’ तुमच्या तोंडून निघणार नाही.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. खरं पाचारण असेल तर आत्मविश्वास त्याच्यामागून आपोआप येईल, आणि तो आला नाही म्हणजे पाचारणातच खोट, असं तुम्ही धरून चालला आहात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी इतका जवळचा संबंध नाही. मराठी बायबलमध्ये ‘पाचारण’ हा शब्द आहे. तोच शब्द बातम्यांमध्येही सापडतो: आग लागली, अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं. मला हे वाक्य फार उपयोगी वाटतं. दलाला बोलावलं, कारण कुठेतरी आग लागली होती. गाडीत बसलेल्या जवानाला त्या क्षणी स्वतःबद्दल काय वाटत होतं, याची बातमीत एक ओळही नसते. पाण्याचा पाइप कसा धरायचा हे मात्र त्याला यावंच लागतं, आणि बोलावणं आलं म्हणून ते येत नाही. ते आधी सरावाच्या मैदानावर शिकावं लागतं.

या बाबतीत प्राचीन चर्चमधला थोर धर्मपंडित ऑगस्टीन याची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. 391 साली तो उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरात गेला होता, तेव्हा चर्चमधल्या लोकांनी त्याला धरून पुढे नेलं आणि बिशप वालेरियसकडून त्याची प्रेस्बिटर, म्हणजे पाळक, म्हणून दीक्षा करून घेतली. तो रडत होता. त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो की काहींना वाटलं, थेट बिशप केलं नाही म्हणून रडतोय, आणि त्यांनी त्याची त्याच भाषेत समजूतही घातली! पाचारण इतकं बाहेरून आणि इतकं जोरात की शंकेला जागाच नव्हती. पण पुढे त्याने काय केलं ते बघा. त्याने वालेरियसला पत्र लिहिलं आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी थोडा अवधी मागितला. आपल्यात काय कमी आहे हे काम हातात आल्यावरच कळलं, असं त्याचं म्हणणं होतं. बोलावणं खरं आहे की नाही, हा त्याचा प्रश्न नव्हता. मला अजून हे येत नाही, शिकायला वेळ द्या, एवढंच तो मागत होता.

दीक्षाविधीच्या संदेशांत, म्हणजे प्रवचनांत, बायबलमधले मोशे आणि यिर्मया हटकून येतात. एक म्हणतो मी जड जिभेचा, दुसरा म्हणतो मी तर पोर आहे, आणि देव दोघांनाही पाठवतोच. दिलासा म्हणून ठीक आहे, पण मला आता त्याचा थोडा कंटाळा आला आहे. ‘तू अपात्र आहेस, तरी चालेल’ एवढंच ऐकवून आपण तरुण पाळकांना घरी पाठवतो, आणि मोशेला बोलण्याच्या कामासाठी त्याचा भाऊ अहरोन दिला गेला होता, हा व्यवहाराचा भाग गाळून टाकतो. तुम्हाला अहरोन कोण आहे? पत्रात कुठेही सुपरव्हायझरचा उल्लेख नाही. तो राहून गेला असेल तर ठीक. नसेलच तर आजची पहिली अडचण ती आहे, पाचारण नव्हे.

आता आत्मविश्वासाकडे येते.

ही तुमच्या स्वभावातली उणीव आहे असं मला वाटत नाही. या दोन्ही कामांची घडणच अशी आहे की आपण कसं काम करतो हे आपल्याला कळू नये. उपासना संपली की लोक दारात हात मिळवतात आणि ‘छान होता संदेश’ म्हणतात. तो संदेश ऐकून ज्यांनी येणं बंद केलं, ते दारात थांबत नाहीत. क्लिनिकमध्येही तेच: ज्यांना बरं वाटलं ते आभार मानतात, ज्यांचं बिघडलं ते पुढची अपॉइंटमेंट घेत नाहीत. सुताराने सांधा चुकवला तर खुर्ची डुगडुगते आणि त्याला लगेच कळतं. आपली खुर्ची दुसऱ्याच्या घरी जाऊन डुगडुगते.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात थेरपिस्टना त्यांच्या 550 क्लाएंटबद्दल विचारलं होतं की यातल्या कुणाची प्रकृती उपचाराच्या शेवटी आधीपेक्षा वाईट झालेली असेल. त्यांनी तीन नावं दिली. प्रत्यक्षात 40 जणांचं बिघडलं, आणि दिलेल्या तीन नावांपैकी एकच बरोबर निघालं. हे लोक बेफिकीर नव्हते; बिघाड होऊ शकतो हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. 2016 च्या दुसऱ्या अभ्यासात 170 थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून जास्त क्लाएंटची कित्येक वर्षांची नोंद तपासली, तेव्हा दिसलं की अनुभवाची वर्षं वाढली तरी सरासरी निकाल सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. म्हणजे माझी सव्वीस वर्षं आणि तुमची सहा यांतला फरक आकडा ऐकून वाटतो तेवढा नाही. ज्यांचा आत्मविश्वास बघून तुम्हाला न्यूनगंड येतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आपण कसं काम करतो याची फक्त कल्पना नसते. 2012 मध्ये 129 मानसिक आरोग्य व्यावसायिकांना स्वतःला गुण द्यायला सांगितलं, तर एकानेही स्वतःला सरासरीखाली ठेवलं नाही आणि चौथ्या हिश्शाने स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. आपल्याकडे याला अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात. पाळकांना असं कुणी विचारलं तर काय निघेल याचा अंदाज मला आहे, पण तो इथे लिहीत नाही.

माझं स्वतःचं सांगते. क्लिनिकमधल्या दुसऱ्या वर्षी सुपरव्हायझरने माझ्या एका सेशनचं रेकॉर्डिंग मागितलं. क्लाएंटची परवानगी होती. मला ते सेशन उत्तम झालं असं वाटत होतं, म्हणून मुद्दाम तेच निवडलं. त्यांनी ऐकताना घड्याळ लावलं. पन्नास मिनिटांपैकी एकतीस मिनिटं मी बोलत होते. सुपरव्हायझर एवढंच म्हणाले, ‘संदेश चांगला होता.’ तो दिवस लाजिरवाणा होता, पण माझ्या क्लिनिकमधल्या आत्मविश्वासाची सुरुवात मी त्याच दिवसापासून धरते, कारण काय बदलायचं ते पहिल्यांदाच मोजता येईल असं हाती आलं. तीन महिन्यांनी आकडा बारावर आला होता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘स्व-क्षमते’ची जी मांडणी केली, तिचं सार हेच आहे. मला हे जमेल, हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो प्रत्यक्ष करून जमल्याने. आपल्यासारख्या कुणाला ते करताना बघून थोडा येतो, कुणी धीर दिल्याने त्याहून थोडा, आणि छातीतली धडधड आपण कशी वाचतो यावरही काही अवलंबून असतं. महत्त्वाचं हे की हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. ‘मला आत्मविश्वास नाही’ असं एकगठ्ठा म्हणण्यात काही अर्थ नाही. पॅनिक अटॅकच्या क्लाएंटला त्याच्या शरीरात काय घडतंय ते समजावून सांगता येतं का? आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे शब्द न चाचरता विचारता येतं का? मृत्यू झालेल्या घरात शिरून दहा मिनिटं काहीही न बोलता बसता येतं का? पंचांच्या बैठकीत हिशोबावरून वाद पेटला तर तो हाताळता येतो का? बाप्तिस्म्याची तयारी घेता येते का? बसून अशी चाळीस-पन्नास कामं लिहा आणि प्रत्येकापुढे शेवटचं कधी केलं, कुणी पाहिलं, काय निघालं, हे लिहा. मी ही यादी ज्यांच्या ज्यांच्याकडून करून घेतली त्यांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या: बरीचशी कामं त्यांना बऱ्यापैकी येत होती, आणि ‘कुणी पाहिलं’ हा रकाना जवळजवळ रिकामा होता.

तो रकाना भरण्याची एक जुनी रीत आहे आणि ती नेमकी आपल्या दोन व्यवसायांच्या सांध्यावर जन्मली. अँटन बॉयसन हे पाळक 1920 मध्ये स्वतः तीव्र मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होते. बरे झाल्यावर 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेतल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात ईश्वरपरिज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणायला सुरुवात केली. पुस्तकं वाचता तशी ही जिवंत माणसं वाचा, असं ते सांगत. त्यातून वाढलेल्या प्रशिक्षणात ‘व्हर्बॅटिम’ लिहायची पद्धत रुळली: रुग्णाची भेट झाली की संभाषण आठवून शब्दशः लिहायचं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे गप्प बसलो, आणि मग ते गटापुढे ठेवायचं. महिन्याला एक पाळकीय भेटीचं आणि एक क्लिनिकमधलं व्हर्बॅटिम लिहा, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून. ते कुणाला तरी दाखवा. नुसतं लिहून ठेवलं तर आपण आपल्याच बाजूने वकिली करतो.

शंकेबद्दल मात्र तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. ती काढून टाका असं मी सांगणार नाही. नॉर्वेतल्या हेलेने निसन-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेरपिस्टच्या शंकेचा अभ्यास केला, त्यात 2010 च्या एका निबंधात आढळलं की ज्या थेरपिस्टना आपल्या कामाबद्दल शंका वाटायची, त्यांच्या क्लाएंटनी त्यांच्याशी असलेलं नातं जास्त चांगलं म्हणून नोंदवलं. पुढच्या एका अभ्यासात एक अट पुढे आली: हा फायदा विशेष करून त्यांच्या बाबतीत दिसला जे माणूस म्हणून स्वतःशी बऱ्यापैकी मायेने वागत होते. म्हणजे ‘मी या क्लाएंटला नीट समजून घेतलं का?’ ही शंका कामाची आहे, आणि ‘मी मुळात खोटा माणूस आहे का?’ ही शंका निरुपयोगी आहे. पहिलीमुळे पुढच्या सेशनला तुम्ही वेगळा प्रश्न विचारता. दुसरीमुळे तुम्ही रात्री जागता आणि सकाळी त्याच चुका थकलेल्या डोक्याने करता. तुमच्या पत्रात दुसरी भरपूर आहे, पहिली फारशी नाही. आपण तोतया आहोत असं वाटायला लावणाऱ्या या दुसरीला हल्ली सर्रास ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी तिचं वर्णन केलं तेव्हा त्यांनी ‘फिनॉमेनन’ एवढाच शब्द वापरला होता. तो आजार नाही. तुम्हीही त्याला निदान म्हणून कपाळावर चिकटवू नका.

आता जे लिहिणार आहे ते मला स्वतःला समजायला दहा-एक वर्षं लागली. व्यासपीठावरचा आणि क्लिनिकमधला आत्मविश्वास हे एकाच जातीचे नाहीत, आणि तुम्ही एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावताय.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्या काळात काही धर्माधिकाऱ्यांनी घाबरून पवित्र ग्रंथ सैनिकांच्या हवाली केले होते. डोनाटस पंथाच्या लोकांचं म्हणणं, अशा डागाळलेल्या हातांनी दिलेला बाप्तिस्म्यासारखा संस्कार पोकळ. 314 साली आर्ल इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं की ग्रंथ हवाली करणाऱ्याने दिलेली दीक्षाही, घेणारा लायक असेल तर, टिकते. आणि पुढे ऑगस्टीनने त्याची पूर्ण मांडणी केली: बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच, मधला माणूस कसाही असला तरी. ही शिकवण मला पाळक म्हणून दर रविवारी तारते. प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभी असताना माझं मन कोरडं असेल, आदल्या रात्री घरात भांडण झालेलं असेल, विश्वास पातळ झालेला असेल, तरी समोरच्या माणसाला मिळायचं ते मिळतं. तिथे माझा आत्मविश्वास हा विषयच नसतो. मी नळ आहे, पाणी मागून येतं.

थेरपीमध्ये असं काही नसतं. तिथे मागून येणारं पाणी नाही. मी काय ऐकलं, काय सुटलं, कधी बोलले, कुठल्या पद्धतीने काम केलं, आमच्यात विश्वासाचं नातं जमलं का, यावरच समोरच्याचं बरं-वाईट ठरतं. माझं मन कोरडं असेल तर सेशन कोरडं होतं आणि त्याचा हिशोब मला द्यावा लागतो. चर्चमध्ये वाढलेला थेरपिस्ट नकळत मेजापाशी मिळणारी ती निश्चिंती क्लिनिकमध्ये शोधतो, ती मिळत नाही, आणि मग त्याला वाटतं आपण तोतया आहोत. उलट बाजूने, क्लिनिकमधली ‘माझ्या कौशल्यावर सगळं अवलंबून आहे’ ही सवय तो मेजापाशी घेऊन जातो आणि तिथे उगाच घाम फुटतो. तुमची दोन्हीकडची घुसमट मला या अदलाबदलीतून आलेली दिसते.

यातून एक पळवाट काढता येते, ती काढू नका. संदेश देणं, भेटी देणं, बैठका चालवणं, तरुणांना सांभाळणं, हे संस्कार नव्हेत. रटाळ संदेश देऊन आर्लच्या परिषदेमागे लपता येणार नाही. चौथ्या शतकातला धर्मपंडित, नाझियांझसचा ग्रेगरी, या बाबतीत फार स्पष्ट होता. त्याच्या वडिलांनी त्याची इच्छा नसताना दीक्षा दिली तेव्हा तो मित्र बेसिलकडे पळून गेला, 362 च्या पुनरुत्थान सणाच्या सुमारास परत आला, आणि आपण का पळालो याचं लांबलचक समर्थन त्याने लिहिलं. त्यात तो म्हणतो, माणसाला मार्ग दाखवणं ही कलांची कला आहे, आणि या कामाची तो वैद्यकाशी सविस्तर तुलना करतो: एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, कुणाला बोलून सावरावं लागतं, कुणाला गप्प राहून. तुम्ही मानसशास्त्र शिकून चर्चशी काही गद्दारी केली नाही. सोळाशे वर्षांपूर्वी एका पळपुट्या पाळकाने या दोन कामांची सोयरीक लावून ठेवलेली आहे.

आणि मनातली ती उतरंडही काढून टाका, ज्यात चर्च म्हणजे पाचारण आणि क्लिनिक म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक लूथर याने ही विभागणी मोडूनच काढली होती. त्याच्या जर्मन भाषेत ‘बेरूफ’ हा एकच शब्द पाचारण आणि व्यवसाय दोन्हींसाठी येतो. अर्थात पाचारणाच्या या व्यापक कल्पनेलाही एक धार आहे. बंडरसन आणि थॉम्पसन या संशोधकांनी 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ज्यांना आपलं काम म्हणजे पाचारण वाटत होतं ते जास्त अर्थपूर्ण आयुष्य जगत होते, आणि तेच लोक पैसा, वेळ, आराम यांवर पाणी सोडायला तयार असल्याने व्यवस्थापनाला त्यांचा गैरफायदा घेणंही सोपं जात होतं. चर्चमध्ये ‘ही तर सेवा आहे’ हे वाक्य ज्या कामांना लावलं जातं त्यांची यादी तुम्हाला पाठ असेल. तुम्हाला येतो तो थकवा आणि तुम्ही म्हणता तो आत्मविश्वासाचा अभाव, यांत एकदा नीट फरक करून बघा. तीन दिवस क्लिनिक आणि उरलेले चार दिवस मंडळी, म्हणजे सुट्टीचा वार कोणता?

दोन्ही कामं चालू ठेवायची का, हे तुम्ही विचारलं नाही, पण ओळींच्या मध्ये ते आहे. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. ऑस्कर फिस्टर यांनी झुरिकमध्ये 1902 ते 1939 पाळक म्हणून काम केलं आणि त्याच काळात मनोविश्लेषणही केलं. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार 1909 पासून फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत चालला, दोघांचं धर्माबद्दल कधीच जुळलं नाही आणि मैत्री तुटली नाही. प्रसिद्ध मानसतज्ज्ञ कार्ल रॉजर्स दोन वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, होते, मग समोरच्याच शिक्षण महाविद्यालयात मानसशास्त्र शिकायला गेले आणि परतले नाहीत. दोघांपैकी कुणाचं पाचारण खरं, हा प्रश्न मला पोरकट वाटतो. वर्षभर नियमित सुपरव्हिजन घ्या, व्हर्बॅटिम लिहा, झोप पुरी करा, आणि मग हा प्रश्न उरलाच तर पुन्हा विचारा. आज उत्तर दिलं तर ते थकव्याचं उत्तर असेल.

एक किस्सा सांगते. माझ्या सुरुवातीच्या काळात मंडळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना भेटायला रुग्णालयात गेले होते. ताजं ताजं शिकले होते, म्हणून तीनदा विचारलं, ‘या क्षणी तुम्हाला काय वाटतंय?’ तिसऱ्यांदा ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही प्रार्थना करून टाका, मग सांगतो काय वाटतं ते.’ प्रार्थना केली. मग ते खरंच अर्धा तास बोलले. आपण कुठल्या नात्याने आलो आहोत हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

इथूनच गायकवृंदातल्या बाईंकडे येते. माझ्या चौथ्या वर्षी आमच्याच मंडळीतल्या एका बाईंचे पती गेले आणि त्यांनी मला थेरपीसाठी विचारलं. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आठ सेशन झाली. नवव्या आठवड्यात मी विलापाच्या स्तोत्रांवर संदेश दिला, जो मी त्यांना ओळखण्याच्याही आधी लिहून ठेवला होता. त्या तिसऱ्या बाकावर होत्या. त्यानंतर त्या क्लिनिकमध्येही आल्या नाहीत आणि उपासनेलाही नाही. बऱ्याच महिन्यांनी त्यांचं पत्र आलं: रविवारी तुम्ही ‘कुणीतरी’ म्हणालात की मला वाटायचं, ती मीच. नवरा गेलेल्या बाईची थेरपिस्ट आणि पाळक एकाच दिवशी गेली, आणि दोन्ही जागी मीच होते.

मानसशास्त्राच्या आचारसंहिता अशा दुहेरी नात्याला सरसकट मनाई करत नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संहितेत यावर 3.05 क्रमांकाचं कलम आहे; त्याचा गाभा हा की ज्या दुसऱ्या नात्यामुळे तुमची तटस्थता किंवा कामाची गुणवत्ता बिघडू शकते, किंवा समोरच्याचं नुकसान होऊ शकतं, ते पत्करू नये. दर रविवारी तुम्ही तिच्यासमोर उभं राहून बोलणार, तिच्या गायनाचा प्रमुख तुमच्याच बैठकीत बसणार, उद्या तिचा कुणाशी वाद झाला तर मंडळी तुमच्याकडे बघणार. शिवाय गुप्ततेचे नियम वेगळे. काही चर्चमध्ये पापनिवेदनात ऐकलेलं कुठल्याही कारणाने बाहेर जात नाही. क्लिनिकमध्ये मात्र जिवाला धोका असेल किंवा मुलाचा छळ होत असेल तर बोलावं लागतं. ती अर्ध्यावर काही सांगेल तेव्हा ते कुठल्या नियमाखाली ऐकलं, हे तुम्ही तेव्हा ठरवू शकणार नाही.

उपासनेनंतर गर्दीत उत्तर देऊ नका. वेगळी वेळ घेऊन बसा. ‘मी तुमचा पाळक आहे आणि मला तेच राहायचं आहे, म्हणून मी तुमचा थेरपिस्ट होणार नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. ‘बघू’, ‘सध्या वेळ नाही’ असली नरम कारणं दिलीत तर ती वाट बघत राहील. मग दोन-तीन चांगल्या थेरपिस्टची नावं लिहून द्या, तिची हरकत नसेल तर त्यातल्या एकाला तिच्यासमोरच फोन लावून द्या. पाळक म्हणून तुम्ही काय करू शकता तेही स्पष्ट सांगा: भेटायला येईन, प्रार्थना करीन, तिथे जे चाललं असेल ते विचारणार नाही. ती आज, या आठवड्यात जिवाचं बरं-वाईट करण्याच्या विचारात आहे का, हे मात्र नक्की विचारा. तो प्रश्न पाळकानेही विचारायचा असतो, आणि उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं न सोडता लगेच मदतीपर्यंत पोचवायचं.

ती बहुधा म्हणेल, ‘पण माझा विश्वास तुमच्यावरच आहे.’ इथे तुम्ही घसराल, कारण सहा वर्षं तुम्ही हेच ऐकायला आसुसलेले आहात. थोडं थांबा. तिला सांगा की तो विश्वास तुमच्याजवळ सुरक्षित राहावा म्हणूनच दुसरं नाव देताय. मग पुढच्या रविवारी ती दारात भेटली की बाजूला घेऊन एवढंच विचारा, वेळ मिळाली का त्यांची?